घरच्या ऑफिससाठी ऑल-इन-वन प्रिंटर: आधी कागद मोजा, मग दुकानात जा

जून उजाडला की ओळखीतल्या चार-दोन जणांचा फोन ठरलेला असतो. "प्रिंटर घ्यायचाय, कुठला घेऊ?" कुणी नव्यानं सनद मिळालेला वकील, कुणी विमा प्रतिनिधी, कुणी घरी क्लास घेणाऱ्या बाई, कुणी पुण्याची नोकरी आता जिंतूरला राहून करणारा पोरगा. मी परभणीत घरातल्याच एका खोलीत जीएसटी आणि आयकराची कामं करतो. छपाई, झेरॉक्स, स्कॅन हे माझं रोजचंच. त्यामुळे लोक मला विचारतात आणि मला सांगायलाही आवडतं. पण मॉडेलचं नाव सांगायच्या आधी मी तीन गोष्टी विचारून घेतो. महिन्याला किती पानं छापता? कोणत्या मापाची? आणि लाइट गेली की घरात काय काय चालू राहतं?

ही तीन उत्तरं हाताशी नसताना प्रिंटर घेणं म्हणजे माप न घेता सदरा शिवायला टाकणं. म्हणून सुरुवात दुकानापासून नको, घरापासून करू.

पहिलं काम: पंधरा दिवस वही ठेवा

एका वहीच्या पानावर चार रकाने पाडा: काळी छपाई, रंगीत छपाई, झेरॉक्स, स्कॅन. सध्या बाहेरून जे काही करून आणता ते रोज रात्री त्यात मांडा. लीगल मापाचं पान असेल तर शेजारी फुली करा. पंधरा दिवसांचा आकडा दुप्पट केला की महिना कळतो. मात्र तुमच्या धंद्याचा हंगाम त्यात धरा. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे प्रवेश, जुलैत पीक विमा आणि आयकर विवरणपत्रं, पुढे शिष्यवृत्तीचे अर्ज. माझी एप्रिलमधली पानं आणि जुलैमधली पानं यांत चौपट फरक पडतो. मशीन जुलै पेलणारं हवं.

आकडा हातात आला की पहिला निर्णय लगेच होतो. महिन्याला पन्नासच्या आत पानं असतील तर प्रिंटर घेऊच नका. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन रुपयांनी पान धरलं तरी महिन्याचे १०० रुपये, वर्षाचे १,२००. पंधरा हजारांचं मशीन त्या हिशेबानं बारा वर्षांत फिटणार, आणि वापर कमी असलेलं शाईचं मशीन बिघडतं सर्वांत लवकर. महिन्याला ३०० पानं असतील तर मात्र वर्षाचे ७,२०० रुपये बाहेर जातात. मशीन दोन-सव्वादोन वर्षांत फिटतं.

पैशांपलीकडची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पक्षकाराचं आधार, पॅन, बँकेचं पासबुक आपण झेरॉक्सच्या दुकानातल्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करतो. ते फोटो त्या कॉम्प्युटरवर पडून राहतात, कुणी पुसत नाही. लोक ज्या विश्वासानं कागद आपल्या हातात देतात, तो विश्वास सांभाळायचा तर कागद घरातच छापलेला बरा. तुमचं काम अशा कागदांचं असेल, तर पानं थोडी कमी भरली तरी मशीन घ्या.

दुसरं काम: कोणत्या जातीचं मशीन ते ठरवा

बाजारात ढोबळमानानं तीन प्रकार मिळतात.

कार्ट्रिजचं, म्हणजे शाईची तयार डबी बसवायचं छोटं मशीन सर्वांत स्वस्त दिसतं, चार-पाच हजारांपासून. त्याच्या छोट्या कार्ट्रिजमध्ये शे-दीडशे पानं निघतात. समजा १२० पानांचं कार्ट्रिज ८०० रुपयांना पडलं, तर पानामागे साडेसहा रुपयांच्या वर. दुकानातल्या झेरॉक्सच्या तिप्पट. ऑफिसच्या कामाला हे घेऊ नका, एवढंच सांगून पुढे जातो.

दुसरं इंक टँक. मशीनच्या अंगालाच टाक्या असतात आणि बाटलीनं शाई भरायची. लोक पूर्वी कार्ट्रिजच्या मशीनला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून घ्यायचे. तीच गरज ओळखून एप्सननं २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीचा प्रिंटर आणला. आज एप्सन, कॅनन, एचपी, ब्रदर चौघांचेही आहेत. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या काळ्या बाटलीवर कंपनी ४,५०० पानं सांगते, कॅननच्या जीआय-७९० काळ्या बाटलीवर ६,०००. बाटली ४०० रुपयांची धरली तरी ४,५०० पानांना भागून पानामागे नऊ पैसे. हा आकडा कंपनीच्या चाचणीतल्या नमुना पानांचा असतो. आपला सातबारा किंवा चौकटींनी भरलेलं जीएसटीचं विवरण त्याहून जास्त शाई पितं. मी माझ्या हिशेबात कंपनीच्या आकड्यातला तिसरा हिस्सा वजा करतो. तरीही पान पंधरा पैशांच्या आतच राहतं.

तिसरं लेझर. यात शाई नसते, टोनरची कोरडी पूड असते आणि ती गरम रोलरखाली कागदावर वितळवून चिकटवली जाते. अक्षर कोरीव येतं, पाणी लागलं तरी पसरत नाही, वेग इंक टँकच्या दुप्पट किंवा जास्त. महिनाभर वापरलं नाही तरी काही वाळत नाही. मात्र घरगुती बजेटात लेझर म्हटलं की फक्त काळं-पांढरं.

लेझरचा हिशेब करताना ड्रम, म्हणजे टोनरची पूड कागदावर उतरवणारा गोल भाग, विसरू नका. काही मशीनमध्ये टोनर आणि ड्रम एकाच डब्यात येतात. सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं दिसणारं १२ए कार्ट्रिज त्या जातीचं. काहींत दोन्ही वेगळे: ब्रदरच्या डीसीपी-एल२५२०डी या मॉडेलला टोनर २,६०० पानांचा आणि ड्रम १२,००० पानांचा. म्हणजे चार-पाच टोनर संपले की ड्रमचा मोठा खर्च येतो. दुकानदार टोनरचा भाव लगेच सांगतो, ड्रमचा आपल्याला विचारावा लागतो.

किंमतीचं म्हणाल तर साधं इंक टँक ऑल-इन-वन साधारण बारा ते सोळा हजारांच्या आसपास आणि लेझर ऑल-इन-वन सोळा हजारांच्या पुढे धरून चला. भाव महिन्या-महिन्याला हलतात.

तिसरं काम: विजेचा विचार, आणि तो नीट

मराठवाड्यात राहून प्रिंटर निवडताना मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवा म्हणतो. इंटरनेटवरचे सल्ले बहुतेक अशा शहरांतून येतात जिथं लाइट जात नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लाइन जाते, पहिल्या पावसाच्या वाऱ्यात जाते, आणि परत येते तेव्हा व्होल्टेज कधी कमी, कधी एकदम जास्त.

लेझरचा गरम रोलर साधारण २०० अंशांपर्यंत तापतो. तापताना मशीन काही क्षण ८०० ते १,००० वॅट ओढू शकतं. कॉम्प्युटरला लावलेला ६०० व्हीएचा यूपीएस झेपवतो साधारण ३६० वॅट. हे गणित मला माहीत नव्हतं तेव्हा मी लेझर त्याच यूपीएसवर लावला होता. जुलैचा शेवटचा आठवडा होता. एका व्यापाऱ्याचा ताळेबंद छापायला टाकला, मशीननं तापायला सुरुवात केली आणि यूपीएसनं लांब शिट्टी मारून सगळंच बंद केलं. कॉम्प्युटरसकट. दीड तासाची न जपलेली आकडेमोड गेली. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून ती पुन्हा केली. तेव्हापासून लेझर थेट भिंतीच्या सॉकेटवर, चांगल्या अर्थिंगच्या तीन पिनांच्या जोडणीवर, शक्यतो स्टॅबिलायझरमधून. यूपीएसवर आणि घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर कधीच नाही. म्हणजे लाइट नसताना लेझर बंद, हे धरूनच चालायचं.

इंक टँकचं उलट आहे. छापताना ते दहा-वीस वॅटच्या घरात चालतं, एखाद्या एलईडी बल्बइतकं. साध्या यूपीएसवर तासभर आरामात निघतं. आणि त्याला यूपीएस द्यायचं आणखी एक कारण आहे, जे पेटीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

शाईच्या मशीनमध्ये छपाई संपली की हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, उजव्या कोपऱ्यात जाऊन एका रबरी टोपीवर बसतं. ती टोपी नोझलची सूक्ष्म छिद्रं झाकून ठेवते. पान छापता छापता लाइट गेली तर हेड मध्येच उघडं राहतं. बेचाळीस अंशांचं कोरडं ऊन, खोलीत पंखाही बंद, आणि लाइट पाच तासांनी येणार. तेवढ्यात छिद्रांतली शाई घट्ट होते. लाइट आल्यावर छापलेल्या पानात अक्षरांमधून आडव्या पांढऱ्या रेषा धावतात. लोक म्हणतात मशीन खराब निघालं. मशीन चांगलं असतं. त्याला घरी जाऊन झाकून बसायला दहा सेकंद मिळाले नाहीत, एवढंच.

म्हणून इंक टँक यूपीएसवर असावं आणि बंद करताना मशीनवरचंच बटण दाबावं. बोर्डावरचं बटण थेट पाडायची सवय घरातल्या सगळ्यांनीच सोडायला हवी. माझ्या खोलीत त्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आहे.

जिथं दिवसातून चार-चार तास लाइट नसते, तिथल्या माणसाला मी डोळे झाकून इंक टँक सांगतो, मग त्याचं काम काळ्या छपाईचंच का असेना.

चौथं काम: शाई पाण्याला टिकते का

इंक टँक घ्यायचं ठरलं तर शाईची जात विचारा. एक असते डाय, पाण्यात विरघळलेला रंग. फोटो सुंदर देते, पण ओलं बोट लागलं की पसरते. दुसरी पिगमेंट, म्हणजे रंगाचे बारीक कण. कागदावर बसते आणि पाण्याला बरीच टिकते. कॅननच्या जी सिरीजमध्ये, एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये आणि ब्रदरच्या टी सिरीजमध्ये घरगुती मॉडेलांत काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय असतात. एप्सनच्या एल३२५० सारख्या लोकप्रिय मॉडेलात चारही शाया डाय आहेत.

तुमचे कागद तलाठी कार्यालय, बँक, कोर्ट असे फिरणार असतील, घामट हातांतून जाणार असतील, तर काळी शाई पिगमेंट हवी. स्टॅम्प पेपरवर मजकूर छापत असाल तर तर नक्कीच. मुलांचे प्रकल्प, लग्नपत्रिकेचे नमुने, फोटो जास्त असतील तर डाय चालते.

पाचवं काम: लीगलचे सहा सेंटीमीटर

इथे नवे लोक हमखास फसतात. घरगुती ऑल-इन-वनची काच ए४ मापाची असते, २१ बाय २९.७ सेंटीमीटरच्या आसपास. लीगल कागद ३५.६ सेंटीमीटर लांब. मशीन लीगल कागदावर छापतं, म्हणून दुकानदार "लीगल चालतो" म्हणतो आणि ते खोटंही नसतं. पण तोच कागद स्कॅन किंवा झेरॉक्स करायला काचेवर ठेवला की खालचे जवळपास सहा सेंटीमीटर बाहेर राहतात. प्रतिज्ञापत्रात सही आणि शिक्का नेमका तिथेच असतो.

सर्वोच्च न्यायालयानं २०२० पासून ए४ आणि दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली खरी, पण तालुक्याच्या ठिकाणी प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, जुन्या फायली यांत लीगल अजून भरपूर आहे. वहीत फुल्या जास्त पडल्या असतील तर वरून कागद ओढून घेणारा फीडर, म्हणजे एडीएफ असलेलं मशीन घ्या आणि त्या एडीएफमध्ये लीगल जातो का हे माहितीपत्रकात वाचून खात्री करा. एडीएफमुळे किंमत काही हजारांनी वाढते. वकील, दस्तलेखक, कर सल्लागार यांनी तो खर्च करावा. महिन्याकाठी चार लीगल कागद असतील तर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं स्कॅन करून भागतं.

एडीएफ असला तरी काच लागतेच. २०२३ पासून मराठवाड्यात घरोघरी कुणबी नोंदींसाठी जुने कागद शोधले गेले. खासरा पत्रकाचे जुने उतारे, मोडीतल्या नकला, निजामाच्या काळातले उर्दू शिक्क्यांचे दस्त. माझ्याकडेही लोक असे कागद घेऊन येतात. घडीवर विरलेले, कडा तुटलेले, एखादा तर हात लावताच चुरा होईल असा. असा कागद एडीएफमध्ये कधीही घालू नका. रोलरनं तो ओढला की एकुलता एक पुरावा जातो. काच कोरड्या मऊ कापडानं पुसा, कागद अलगद पसरा, झाकण न दाबता वरून पांढरा कागद ठेवा, आणि रंगीत ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके) स्कॅन करा. मूळ कागद रंगीतच स्कॅन करायचा, कारण काळ्या-पांढऱ्यात शिक्क्याची फिकट निळी शाई हरवते.

उलट ऑनलाइन अर्जाला जोडायचा रहिवासी दाखला ३०० डीपीआय रंगीत केला तर फाइल जड होते आणि पोर्टल ती घेत नाही. अशा वेळी १५० डीपीआय, ग्रे. ए४ पानात ३०० ला जेवढे ठिपके असतात त्याच्या पाव १५० ला असतात, म्हणून फाइल झटक्यात उतरते. मशीनच्या अ‍ॅपमध्ये हे दोन्ही आकडे हातानं बदलता येतात का, हे घेण्याआधी पाहा.

आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर आणणारी आयडी कॉपी काही मॉडेलांवर थेट बटणावर असते. ज्यांच्याकडे रोज आधारची झेरॉक्स लागते त्यांनी ते बटण असलेलंच मशीन घ्यावं. दिवसाला वीस वेळा पान फिरवण्याचा त्रास वाचतो.

सहावं काम: दुकानात पेनड्राइव्ह घेऊन जा

आता दुकान. जाताना पेनड्राइव्हवर तीन पीडीएफ न्या: एक सातबारा, एक बारीक चौकटींचं पत्रक, आणि दहा पॉइंटच्या मराठी अक्षरातलं एक पान. खिशात एक लीगल कागद ठेवा. दुकानात जोडून ठेवलेलं, दाखवायचं मशीन असतं. त्यावर छापून मागा. चांगला दुकानदार हसतमुखानं छापून देतो.

मराठी पान दोनदा छापून घ्या, एकदा नॉर्मलवर आणि एकदा ड्राफ्टवर. शाई वाचवायला पुढे आपण ड्राफ्ट वापरणारच असतो. ते पान उजेडात धरून वाचा. ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी जातो तो अनुस्वार, मग रफार. 'वर्ग'मधला रफार दिसतो का? 'संमती'वरचा टिंब दिसतो का? शिरोरेषा सलग आहे की तुटक? इंग्रजी अक्षर ड्राफ्टमध्ये निभावून जातं, आपलं जात नाही, कारण आपल्या अक्षराचा अर्थ त्या वरच्या बारीक खुणांत असतो. "केलं"चं "केल" झालं तर वाचणारा सांभाळून घेईल, पण नावातला अनुस्वार गेला तर आधारशी नाव जुळत नाही आणि अर्ज परत येतो.

दोन मिनिटं थांबा. मग बोट ओलं करून एका ओळीवरून हलकेच फिरवा. लेझरचं काहीच होणार नाही. पिगमेंट किंचित मळेल. डाय निळसर-करडी होऊन पसरेल. वर सांगितलेला सगळा फरक त्या एका बोटात कळतो.

सातबाऱ्याच्या पानावरचा क्यूआर कोड तिथल्या तिथे मोबाइलनं स्कॅन करून पाहा. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची खातरजमा करायला तो कामी येतो. तो वाचला जात नसेल तर छपाईचा उपयोग अर्धाच.

मग लीगल कागद छापायला द्या. तो कुठून आत जातो ते पाहा. मागच्या उभ्या ट्रेमधून कागद जवळपास सरळ जातो, जाड स्टॅम्प पेपरला ते बरं. पुढच्या खालच्या ट्रेमधून कागद पूर्ण वळसा घेतो. त्यात जाड कागद अडकण्याचा संभव जास्त.

दोन्ही बाजूंनी आपोआप छपाई हवी असेल तर ती वेगळी विचारा. सुरुवातीच्या किंमतीतल्या बऱ्याच इंक टँकमध्ये ती नसते. पान हातानं उलटावं लागतं. महिन्याला पाचशेच्या पुढे पानं असतील तर आपोआप उलटणारं घ्या, कागदाचा खर्च निम्म्यावर येतो.

वाय-फाय असावंच. घरात इंटरनेट नसलं तरी वाय-फाय डायरेक्टनं मोबाइल थेट मशीनला जोडता येतो. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर लक्षात ठेवा, बरीच घरगुती मशीनं २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात.

सातवं काम: दुरुस्ती कुठे होणार

माहितीपत्रकात न सापडणारी पण दोन वर्षांनी सर्वांत मोठी ठरणारी बाब. कंपनीच्या वेबसाइटवर तुमचा पिनकोड टाका आणि सर्वांत जवळचं अधिकृत सेवा केंद्र कोणत्या गावात आहे ते पाहा. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत सगळ्या कंपन्यांची पोच सारखी नाही. केंद्र नांदेडला आणि तुम्ही हिंगोलीजवळच्या खेड्यात असाल, तर विचारा: माणूस घरी येतो की मशीन आपण न्यायचं? दुकानदाराचं तोंडी आश्वासन नको, वॉरंटीच्या कागदावर वाचा. आणि गावातला जो पोरगा प्रिंटर दुरुस्त करतो, त्याला जाऊन विचारा की कोणत्या मशीनचे पार्ट तो आठवड्यात मिळवू शकतो. त्याच्या उत्तराला मी पाच तारांकित अभिप्रायांपेक्षा जास्त किंमत देतो.

इंक टँकच्या वॉरंटीत वर्षाबरोबर पानांचीही मर्यादा असते, दोन्हींपैकी जे आधी भरेल ते. जुलैत हजारो पानं छापणाऱ्यानं ती ओळ वाचलीच पाहिजे.

आणखी एक विचारायचं: हेड बदलता येतं का, आणि वाया जाणारी शाई कुठे जाते? साफसफाई करताना मशीन थोडी शाई आतल्या स्पंजात सोडतं. तो भरला की मशीन छापणं थांबवतं आणि दुरुस्तीवाल्याकडे नेऊन पॅड बदलून रिसेट करावं लागतं. कॅननच्या जी३०२० सारख्या काही मॉडेलांत ही पेटी आपली आपण बदलता येते. दुरुस्तीचं केंद्र लांब असलेल्यांसाठी ही फार मोठी सोय आहे.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा सिरियल नंबर लिहून घ्या, पेटीवरच्या नंबराशी ताडून पाहा. पेटीतल्या बाटल्या मोजा, सील बघा.

आठवं काम: घरी आणल्यावर

शाई दुकानात भरू देऊ नका. भरलेलं मशीन मोटारसायकलवर किंवा एसटीच्या टपावर कलतं आणि शाई आत सांडते. घरी आणा, सपाट टेबलावर ठेवा, सगळ्या चिकटपट्ट्या काढा, काच उचलून आतल्याही. रंगाची खूण बघून टाक्या भरा. पहिल्यांदा मशीन नळ्यांमध्ये शाई ओढून घेतं, त्याला दहा-वीस मिनिटं लागतात. त्या वेळेत लाइट जाऊ नये म्हणून यूपीएस जोडूनच सुरुवात करा. नळ्या भरण्यात शाई जाते, म्हणून पहिल्या बाटलीत पानं कमी निघतात. त्यात मशीनचा दोष नाही.

जागा निवडताना खिडकीपासून आणि कूलरच्या वाऱ्यापासून लांब ठेवा. कूलरची ओल कागदात शिरते आणि दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. उघडी रीम पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. कागद ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) घ्या. ए४ च्या पाचशे पानांची अशी रीम सुमारे २.३ किलो भरते. शंका आली तर किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा. रात्री मशीनवर सुती कापड टाका, आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ रोलरवर बसली की कागद घसरायला लागतो.

आठवड्यातून एक रंगीत पान छापायचंच, कामाचं असो वा नसो. मी सोमवारी सकाळी नोझल चेकचं, म्हणजे छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारं पान काढतो. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा. लग्नाला किंवा गावाला पंधरा-वीस दिवस जाणार असाल तर मशीन बटणानंच बंद करा, हेड टोपीवर बसू द्या, मगच वायर काढा. परत आल्यावर काम घेण्याआधी नोझल चेक. रेषा तुटलेल्या दिसल्या तर हेड क्लीनिंग द्या, पण सलग तीनपेक्षा जास्त वेळा नाही, कारण प्रत्येक वेळी शाई स्पंजात जाते. तरी रेषा तुटक असल्या तर मशीन बंद करून बारा तास तसंच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासा. माझ्या मशीनच्या रेषा दोन उन्हाळ्यांत अशाच जुळून आल्या आहेत.